थोरला अकराव्या महिन्यात चालला, धाकटी दहाव्यात रांगतही नाही: स्वभाव की अडचण?

प्रश्न थोडक्यात असा: थोरला मुलगा सातव्या महिन्यात रांगायला लागला आणि अकराव्यात चालला. धाकटी दहा महिन्यांची आहे. आधाराशिवाय छान बसते, टाळ्या वाजवते, हाक मारली की वळते, पण जागची हलत नाही. पालथं घातलं की भोकाड पसरते. घरचे म्हणतात वॉकर आणा. हा तिचा स्वभाव समजायचा, की काही कमी आहे?

आधी थेट उत्तर देतो. एवढ्या वर्णनावरून घाबरण्यासारखं काही दिसत नाही. वॉकर आणू नका. पण "तिचा स्वभावच तसा" म्हणून स्वस्थही बसू नका. स्वभाव हे कारण खरं आहे, मात्र ते सगळ्यात शेवटी लावायचं कारण आहे. आधी अंग तयार आहे का ते बघायचं, मग घरात हलायला जागा आणि निमित्त आहे का ते बघायचं, आणि त्यानंतर स्वभावाकडे यायचं. आपल्याकडे नेमका उलटा क्रम चालतो.

वयाचं गणित एकदा नीट पाहून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांच्या हालचालींचे टप्पे प्रसिद्ध केले. त्यातली भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, हातागुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिने, एकट्याने उभं राहणं ६.९ ते १६.९ महिने, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने. हे आकडे वाचताना लोक मधला आकडा काढतात आणि त्याच्या पुढे गेलेल्या मुलाला "मागे पडलेलं" ठरवतात. पण ही दोन्ही टोकं निरोगी मुलांचीच आहेत. नवव्या महिन्यात चाललेलं आणि सतराव्यात चाललेलं मूल एकाच रेषेवर बसतं, आणि लवकर चाललं म्हणून पुढे जास्त हुशार निघतं असंही नाही. याच पाहणीत ४.३ टक्के मुलं हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तर २०२२ च्या सुधारित यादीतून रांगण्याचा टप्पाच काढून टाकला. हे जरा अतीच झालं असं माझं मत. रांगणं ही पास-नापासाची परीक्षा नाही हे मान्य, पण खांदे, मनगटं आणि पाठ यांना जे काम रांगताना मिळतं ते बसून मिळत नाही. त्यामुळे प्रयत्न जरूर करायचा, धसका घ्यायचा नाही.

धाकटी वेळेआधी जन्मली असेल तर तेवढे आठवडे वयातून वजा करा. आठ आठवडे आधी जन्मलेली असेल, तर दहा महिन्यांची मुलगी हालचालीच्या हिशोबाने साधारण आठ महिन्यांची धरायची. दोन वर्षांपर्यंत ही वजाबाकी चालते. आणि थोरल्याच्या तारखा आठवणीवर सोडू नका. दोन-तीन वर्षांनी तारखा सहज मागे-पुढे आठवतात, त्यात लबाडी नसते. फोनमधले जुने व्हिडिओ काढा, त्यावर तारीख असते. "सातव्या महिन्यात रांगला" म्हणजे बरेचदा सातव्यात पोटावर सरपटला आणि नवव्यात रांगला असं निघतं.

आता स्वभावाकडे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा तान्हेपणापासून अभ्यास केला आणि स्वभावाची नऊ अंगं मांडली. हालचाल शिकताना त्यातली चार-पाचच कामाला येतात: मूल मुळात किती चळवळं आहे, नव्या गोष्टीकडे झेपावतं की मागे सरतं, जमलं नाही तर किती वेळ चिकाटी धरतं, आणि गार फरशी किंवा खरखरीत चटई त्याला किती टोचते. शिवाय पडल्यावर होणारी प्रतिक्रिया: एक मूल आपटून हसतं, दुसरं नुसतं डगमगलं तरी अर्धा तास कडेवरून उतरत नाही. एकाच आईबापांच्या दोन मुलांत हे सगळं वेगळं असू शकतं. सख्ख्या भावंडांत अनुवंशाचा वाटा सरासरी निम्माच सारखा असतो. इस्रायलमधल्या संशोधकांनी बाळांची "हलायची ओढ" मोजून पाहिली, तर ज्यांना ओढ जास्त ती बाळं टप्पे लवकर गाठताना दिसली. म्हणजे स्वभावाचा परिणाम तारखेवर होतो, हे खरंच आहे.

पण तो परिणाम ओळखायचा कसा? त्यासाठी घरीच एक साधी पाहणी करा. झोप झालेली, पोट भरून अर्धा तास झालेला, अंगात फक्त लंगोट किंवा चड्डी. जमिनीवर पातळ सतरंजी. मुलीला बसवा आणि तिच्या हाताच्या टोकापासून एक वीत दूर, समोर नाही तर बाजूला, स्टीलची वाटी-चमचा ठेवा. मग तीन मिनिटं गप्प बसा. "घे घे, ये ये" काही नाही. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड जातं.

पहिल्या प्रकारचं मूल झेप घेतं, तोंडावर पडतं, रडतं, पुन्हा झेपावतं. तुमचा थोरला बहुधा यातला. दुसऱ्या प्रकारचं मूल वाटीकडे बघतं, मग तुमच्याकडे बघतं, "अं अं" करतं, हात पुढे करून मागतं. मधूनच एक हात जमिनीला टेकतं, वजन त्यावर देऊन बघतं आणि परत सरळ बसतं. हे मूल सावध आहे. त्याचं अंग ठीक आहे, त्याला अजून खात्री नाही, आणि मागितलं की मिळतं हेही त्याला कळलेलं आहे. तिसऱ्या प्रकारचं मूल मनापासून प्रयत्न करतं, पण हात टेकला की कोपर दुमडतं, खांदा खचतो, किंवा पाय इतके ताठ होतात की अंग वळतच नाही. दर वेळी एकाच बाजूला जमतं, दुसऱ्या बाजूला नाही. हे तिसरं चित्र स्वभावाचं नाही. ते दिसलं तर पुढचे प्रयोग न करता बालरोगतज्ज्ञांकडे जा.

एक चौथा प्रकारही आहे, घराघरांत सापडतो आणि ओळखला मात्र जात नाही: बूड घसरत जाणारी मुलं. यांना पालथं पडणं अजिबात सोसत नाही. काखेत धरून उभं करायला गेलं की पाय खाली टेकवण्याऐवजी हवेतच खुर्चीत बसल्यासारखे पुढे धरतात. ही मुलं पुढे बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत घरभर फिरतात आणि त्यातली बरीचशी दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान चालतात. आई, मावशी, काका यांपैकी कोणी असं सरकायचं का, हे आजीला विचारून बघा. घराण्यात असतं ते. तरीही डॉक्टरांनी एकदा स्नायूंचा ताण तपासायला हवा. तपासणी ठीक आली की मग निवांत.

आता घराकडे बघा. दुसऱ्या मुलाला मिळणारं घर पहिल्याला मिळालेलं नसतं. थोरल्याच्या वेळी जमीन मोकळी होती. आता तिथे गाड्यांची चाकं, ठोकळे, मणी पडलेले असतात, म्हणून धाकटीला पलंगावर ठेवतात, आणि गादी इतकी मऊ की हात टेकला की रुततो. किंवा थोरल्याला शाळेत सोडणं-आणणं, त्याचं जेवण, यात ती बराच वेळ कडेवर, झोळीत, नाहीतर बाउन्सरमध्ये. त्यातून दादा इतका प्रेमळ की तिने नुसतं बघितलं तरी खेळणं हातात आणून देतो. तिला हलायचं कारणच उरत नाही. काही घरांत उलटं: दादा शेजारून धाडकन उडी मारतो, ती एकदा-दोनदा आडवी होते, आणि सावध मुलीला तेवढं पुरतं.

कपड्यांचीही एक बारीक गोष्ट आहे. रांगायच्या पवित्र्यात मुलीने गुडघा पुढे टाकला की फ्रॉकचा घेर गुडघ्याखाली येतो. पुढचा हात उचलायला जावं तर गळ्याकडून कापड ओढलं जातं आणि ती नाकावर पडते किंवा अडकून बसते. मुलग्यांना चड्डीत ठेवतात म्हणून त्यांना ही अडचण येत नाही. रांगायच्या वयात घरात फ्रॉक बंद. गुळगुळीत टाइल्सवर मोजे आणि लेगिंग्जही बंद. गुडघा आणि तळपाय उघडे हवेत, तेच ब्रेक असतात. जाड गोधडीच्या सुरकुत्यांत गुडघे अडतात, त्यापेक्षा ताणून अंथरलेली सतरंजी किंवा फोमची पातळ चटई बरी. हवामानाचाही हात असतो. इस्रायलमध्ये हैफा शहरातल्या पाहणीत हिवाळा-वसंतात जन्मलेली बाळं सरासरी ३० आठवड्यांना रांगली, उन्हाळा-शरदात जन्मलेली ३५ आठवड्यांना; कारण दुसऱ्या गटाचं रांगायचं वय थंडीत येतं, कपड्यांचे थर आणि गार जमीन. टोरंटो किंवा लंडनमधल्या मराठी घरांत दोन मुलांच्या तुलनेत हा फरक धरायलाच हवा. कोकणात तो फारसा लागू नाही.

सावध मुलीला हलतं करायचं तर तिला पालथं घालून रडू देण्यात अर्थ नाही. दहा महिन्यांची, बसता येणारी मुलगी पालथं पडण्याच्या वाटेने शिकत नाही, ती बसण्यातून शिकते. तुम्ही जमिनीवर एक पाय लांब करून बसा. तिला तुमच्या मांडीशेजारी बसवा आणि वाटी मांडीच्या पलीकडे ठेवा. ती हात पलीकडे टेकेल, पोट मांडीवर येईल, गुडघे अलीकडे राहतील. मांडी दहा-बारा सेंटिमीटर उंच असते, त्यामुळे निम्मं वजन तीच उचलते. या अवस्थेत तुमची मांडी अगदी हळू पुढे-मागे हलवा, तिचे तळहात पूर्ण उघडे आहेत ना ते बघा. मुठी वळलेल्या असतील तर अजून भार नको. सुरुवातीला एक-दोन मिनिटं पुरे, आठवड्याभरात पाच मिनिटांपर्यंत न्या, दिवसातून तीन-चार वेळा. नंतर मांडीच्या जागी गुंडाळलेला टॉवेल, मग काहीच नाही. दोन्ही बाजूंनी करा. एकाच बाजूने केलं तर ती त्याच बाजूने वळायची सवय लावून घेते.

चुका दोन होतात. मागून बूड ढकललं तर मूल पाठ ताणून मागे रेटतं आणि पालथ्या अवस्थेबद्दलचा राग वाढतो. ढकलू नका; हवंच तर कंबरेला दोन्ही बाजूंनी हात लावून वजन एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर न्यायला मदत करा. दुसरी चूक म्हणजे ती खेळण्याजवळ आली की खेळणं मागे सरकवायचं. चळवळ्या मुलाला यात चेव येतो, सावध मूल दोन वेळा फसलं की सोडून देतं. तिला पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत वाटी मिळालीच पाहिजे, नीट वाजवू द्या, मग पुढच्या खेपेला अंतर दोन वितींचं करा. आणि दादाला काम द्या: "आणून द्यायचं नाही, तू तिच्यासमोर जमिनीवर झोपून वाजवायचं." आईवडिलांच्या शिकवण्यापेक्षा हे फार लवकर लागू पडतं. दादा शाळेत असतानाची वीस मिनिटं मात्र तिच्या एकटीची जमीन म्हणून राखून ठेवा.

पुढचा टप्पा उभं राहण्याचा. न हलणारा चौरंग घ्या, उंची बसलेल्या मुलाच्या छातीइतकी, साधारण २५ ते ३० सेंटिमीटर. त्यावर खेळणं. ती गुडघ्यांवर येईल. मग एक गुडघा जमिनीवर आणि दुसरं पाऊल पुढे टेकलेलं, या अवस्थेतून उठू द्या. काखेत धरून उचललं तर हा अर्धा धडा गळतो. सावध मुलांची एक खास गंमत इथे दिसते: उभी राहतात, पण खाली बसता येत नाही, म्हणून रात्री पाळण्याचा कठडा धरून उभी राहून रडतात. रांगायला लागण्याच्या सुमारास तर अनेक मुलांची रात्रीची झोपही मोडते. भूक किंवा दात समजून दूध पाजत बसू नका. दिवसा बसायला शिकवा: चौरंगाशी उभी असताना खेळणं तिच्या पायाशेजारी ठेवा, नितंबांना दोन्ही हातांनी आधार द्या, गुडघे दुमडत खाली न्या. रोज दहा-पंधरा वेळा केलं तर सहसा थोड्या दिवसांत जमतं.

दिवाण धरून चालायला लागली की दिवाण आणि खुर्ची यांत एक वीत फट ठेवा, दर चार-पाच दिवसांनी बोटभर वाढवा. दोन्ही हात डोक्यावर धरून चालवणं सोडा. त्यात मूल चवड्यांवर पुढे झुकतं आणि तोल तुमचा हात सांभाळतो, मूल नाही. धरायचंच तर कंबरेला, नाहीतर हात खांद्याच्या खाली राहतील असे. सावध मूल बहुतेक वेळा उशिरा पाऊल टाकतं, पण पाऊल टाकतं तेव्हा ते बरंच स्थिर असतं. चळवळ्याचं उलट. तो तीनशे वेळा पडून तेच शिकलेला असतो. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अॅडॉल्फ यांच्या २०१२ च्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळ्या खेळात तासाला सरासरी २३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. थोरला इतका पडायचा आणि ही पडत नाही, म्हणून हिचं काही चुकतंय असं नाही. ही कमी प्रयत्न करते, प्रत्येक प्रयत्न जास्त जपून.

ज्यांच्या घरी उलटी जोडी आहे, म्हणजे थोरलं शांत आणि धाकटं तुफान, त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. थोरल्यामुळे तुमचं घर धोक्यासाठी तयार नसतं. त्याने कधी बादलीत डोकावलंच नव्हतं. अॅडॉल्फ यांच्याच उतारांवरच्या प्रयोगांत दिसलं की रांगताना कडेला थांबायला शिकलेलं मूल चालायला लागलं की तीच कड नव्याने शिकतं, आधीचं शहाणपण सोबत येत नाही. "तो जिन्याशी थांबतो, त्याला कळतं" हे वाक्य पहिलं पाऊल पडलं की रद्द. न्हाणीघरातली बादली रिकामी आणि पालथी, जिन्याला वर आणि खाली दोन्हीकडे फाटक, गॅलरीच्या गजांत दहा सेंटिमीटरपेक्षा कमी फट, टेबलक्लॉथ काढून टाकलेला.

वॉकरबद्दल. गोल, चाकांचा, मधे झोळीसारखी बैठक असलेला वॉकर चालायला शिकवत नाही. मूल त्यात बसून चवड्यांनी जमीन ढकलतं, स्वतःचे पाय त्याला दिसत नाहीत, तोल सावरायची गरजच पडत नाही. शिवाय वेग इतका येतो की हात पोचेपर्यंत ते जिन्याशी किंवा गॅसच्या ओट्याशी असतं. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. सावध मुलीला तर तो आणखी वाईट, कारण बसल्या जागी सगळं फिरायला मिळतं. आपला लाकडी पांगुळगाडा मात्र वेगळी चीज आहे. मूल त्याच्या मागे स्वतःच्या पायांवर उभं असतं. स्वतः उठून उभं राहता यायला लागल्यावरच द्यावा, त्याआधी नाही. गाडा हलका असेल आणि पुढे पळत असेल तर त्याला दोनेक किलो तांदळाची पिशवी घट्ट बांधा. पहिले दिवस सतरंजीवर चालवा, फरशीवर नको.

मालिशबद्दलही बरेच जण विचारतात. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, मुलांना आवडतं. पण मालिशवालीने पाय खेचले, गुडघे दाबून सरळ केले म्हणून मूल लवकर चालत नाही.

आता जिथे स्वभावाचं नाव घ्यायचं नाही, त्या गोष्टी. नऊ-साडेनऊ महिने पूर्ण होऊनही आधाराशिवाय न बसणं. वर्षाच्या आत एकच हात वापरणं, दुसरा मुठीत. उभं धरलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर जाणं. लंगोट बदलताना एक मांडी कमी उघडणं किंवा एक पाय आखूड वाटणं. हे खुब्याचं लक्षण असू शकतं, मुलींत आणि पायाळू जन्मलेल्यांत जास्त सापडतं, आणि ते लवकर कळण्यात फार मोठा फरक आहे. अठरा महिने पूर्ण होऊनही न चालणं. मुलगा असेल तर डॉक्टर स्नायूंच्या आजारासाठी सीपीके ही रक्ततपासणी सांगतील, ती टाळू नका. आणि कुठल्याही वयात, आधी येत असलेली गोष्ट यायची बंद होणं.

शेवटच्या बाबतीत आपल्याकडे एक कारण खास लक्षात ठेवायचं. आई पूर्ण शाकाहारी, दूध-दहीही बेताचं, बाळ मुख्यतः अंगावरच्या दुधावर, आणि सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान ते मंदावलं, हसेनासं झालं, बोटांचे सांधे काळवंडले, केस विरळ झाले, हात थरथरायला लागले, तर ब-१२ जीवनसत्त्व तपासा, बाळाचं आणि आईचंही. दोन बाळंतपणं जवळजवळ झाली असतील तर आईचा साठा दुसऱ्या वेळी आणखी कमी असू शकतो, आणि मग "थोरला असा नव्हता" याचं उत्तर स्वभावात नसून रक्तात सापडतं. लोहाची कमतरताही मुलाला मरगळलेलं, चिडचिडं करते. सहा महिन्यांनंतर सरकारी कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप देतात, ते चालू आहे का बघा. ड जीवनसत्त्वाचे ४०० एककांचे थेंब पहिलं वर्षभर रोज.

तुमच्या मुलीसाठी: वर सांगितलेलं चार ते सहा आठवडे करा. तेवढ्यात हात टेकून वळणं, सरकणं, गुडघ्यांवर येणं यांतलं काहीतरी नवं दिसायला हवं. रांगलीच पाहिजे असं नाही. काहीच बदललं नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे फिजिओथेरपी मोफत मिळते. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि तीन छोटे व्हिडिओ न्या, प्रत्येकी अर्धा मिनिट: बसून बाजूची वस्तू घेताना, काखेत धरून उभं केल्यावर, आणि पालथं घातल्यावर. दवाखान्यात सावध मूल आईच्या गळ्याला घट्ट चिकटून बसतं आणि घरी करतं त्यातलं काहीही करून दाखवत नाही.